शिळे अंदाज वाचणाऱ्या केणेबाई

पुढच्या वर्षी शेअरबाजार कसा राहील, असं केणेबाईंना कुणी विचारलं की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि उलट विचारायच्या, "तुम्हाला पैसे कधी लागणार?" विचारणारा गडबडायचा. त्याला बाजाराचं भविष्य हवं असायचं आणि ही बाई त्यालाच त्याचं भविष्य विचारत असायची. "दोन वर्षांत पोरीचं लग्न काढलंय? मग बाजाराकडं पाठ करून बसा. पंधरा वर्षं हात लावायचा नाही? मग पुढच्या वर्षाचं विचारता कशाला?" एवढं बोलून त्या चष्मा खाली घ्यायच्या आणि पगारपत्रकात डोकं घालायच्या.

एकदा मीच त्यांना विचारलं, "आणि तुम्हाला हो कधी लागणार?"

"मी मेल्यावर," त्या म्हणाल्या. डोकंसुद्धा वर काढलं नाही.

मी हसले. मला तेव्हा कशाचंही हसू यायचं. भिवंडीतल्या एका मराठी शाळेत मी भूगोल शिकवायची, केणेबाई ऑफिसात क्लार्क होत्या, आणि आम्ही दोघी कामतघरच्या एकाच इमारतीत राहायचो. त्या पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. त्यांच्या घरात त्या आणि बेबी. बेबी म्हणजे त्यांची मुलगी. तिचं खरं नाव सुवर्णा, पण ते फक्त रेशनकार्डावर होतं. जन्माच्या वेळी तिला श्वास उशिरा आला, आणि मग बाकीचं सगळं उशिरा येत गेलं, काही काही आलंच नाही. जेवायची स्वतःच्या हाताने, वीसपर्यंत आकडे म्हणायची, जिना चढायची-उतरायची. केस विंचरता येत नव्हते, पैसे कळत नव्हते, आणि आईशिवाय रात्र काढता येत नव्हती. केणेबाईंचा नवरा जकात नाक्यावर होता, तो लवकर गेला. तेव्हापासून त्या बाईच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: मी गेल्यावर हिला तीस वर्षं पैसे कसे पुरवायचे. आम्ही बाकीच्या बायका दिवाळीपर्यंतचा विचार करत होतो, तोही साडीपुरता.

केणेबाई मूळच्या मानकोलीच्या. ऑफिसात त्या व्यवस्थित शहरी मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा फार खरं बोलायचं असलं की त्यांचं गाव बाहेर यायचं. "मना ठाव हाय" असं त्या म्हणाल्या की हेडमास्तरसुद्धा फाईल मिटायचे.

आमच्या शाळेत बायकांची भिशी होती. बारा जणी, दर महिन्याला चिठ्ठी, चिठ्ठीबरोबर भेळ. जिची चिठ्ठी निघेल ती पुढच्या महिन्यात नवी साडी नेसून यायची आणि आम्ही पदर हातात घेऊन भाव विचारायचो. केणेबाई भिशीत आल्या आणि दुसऱ्याच महिन्यात म्हणाल्या, "साडी दाखवायची पद्धत बंद करू. जिची चिठ्ठी निघेल तिनं ईटीएफ घ्यायचा आणि त्याचा कागद दाखवायचा."

तेव्हा ईटीएफ हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. ती पन्नाशीला आलेली, कुरळ्या केसांची, स्वतःला फार हुशार समजणारी लेलेबाई, म्हणजे मी, भर स्टाफरूममध्ये म्हणाली, "ते कुठल्या दुकानात मिळतं? ठाण्याला जावं लागेल का?" आज तिला गाठून दोन थपडा द्याव्यात असं वाटतं, पण ती तेव्हासुद्धा ऐकणारी नव्हती.

केणेबाई हसल्या नाहीत. खिडकीबाहेर लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट चालली होती, तिकडं बोट करून त्या म्हणाल्या, "लेलेबाई, या गल्लीत वीस कारखाने हायत. पुढच्या वर्षी कुठल्या कारखान्याचे लूम चालतील, सांगता येतं?"

"मला कसं सांगता येईल?"

"मालकाला पण न्हाय येत. मग एकाच कारखान्यात सगळे पैसे घातले तर तो शेअर. वीसही कारखान्यांतलं वारवार कापड घेतलं तर तो ईटीएफ. चार बंद पडले तरी अंगावर सदरा येतो."

"आणि बाँड?"

"कारखानदाराला दिलेलं उसनं. त्याचा धंदा दसपट झाला तरी तुम्हाला ठरलेलंच मिळणार. पण तो आधी तुमचं देणार आणि मग स्वतः जेवणार. निदान तसं कागदावर असतं."

बाँडबद्दलची त्यांची एक गोष्ट तर मी पुढं कितीतरी जणांना माझी म्हणून सांगितली. व्याजदर वाढले की जुन्या बाँडचा भाव का उतरतो, हे मला काही केल्या कळेना. त्या म्हणाल्या, "घरात नवी सून जास्त दागिने घालून आली की जुनीचा भाव उतरतो का नाही? जुनीचे दागिने काही कमी झालेले नसतात. ती तेवढंच घालून उभी असते. फक्त आता तिच्याकडं बघायला कुणी येत नाही." मी जुनी सून होते. मला ताबडतोब कळलं.

आता त्यांच्या शिळ्या अंदाजांबद्दल. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास दलालांच्या ऑफिसांतून चकचकीत पुस्तिका यायच्या: येत्या वर्षात शेअर कसे राहतील, बाँड कसे राहतील, सोनं किती जाईल. केणेबाई त्या कुठून कुठून जमवायच्या आणि न वाचता कपाटात ठेवायच्या. वर्ष उलटलं की दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, फराळाचे डबे उघडले की, गेल्या वर्षीची पुस्तिका काढून मोठ्यानं वाचायच्या. बातम्या द्याव्यात तसा गंभीर आवाज. "येत्या वर्षात अमुक क्षेत्र चमकदार कामगिरी करील." आणि आम्हाला माहीत असायचं की त्या क्षेत्राची वर्षभरात काय माती झाली होती. चकलीचा घास घशात अडकेपर्यंत आम्ही हसायचो.

"ताजा अंदाज कुणीही वाचील," त्या म्हणायच्या, "शिळा झाला की लिहिणाराच वाचत नाही." वाचून झालं की ती पाने त्यांच्या घरी डब्यांच्या तळाशी जायची. त्यांच्याकडची पोळी कधीकधी 'सावध आशावाद' या मथळ्यावर ठेवलेली असायची.

त्यांच्याकडं गिऱ्हाईक म्हणून कुणी येत नव्हतं आणि त्या कुणाकडून चहासुद्धा घेत नव्हत्या, पण माणसं यायची. एकदा एका विद्यार्थिनीचे वडील दाखल्यासाठी आले होते. लूमचे मालक, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. दाखला हातात पडला तरी उठेनात.

"मॅडम, मार्केट कैसा रहेगा?"

"आपके लूम कैसे हैं?"

शेठनी दाखल्याची घडी घातली. "आधे बंद हैं. बाकी के भी भंगार में दे रहा हूँ. किलो के भाव से. सोचा वो पैसा शेअर में डाल दूँ, डबल हो जाएगा."

"घर में और कोई कमाता है?"

"नहीं."

"तो शेअर में मत डालो. जिसका धंदा हिल रहा है, उसका पैसा नहीं हिलना चाहिए. बाँड लो."

"बाँड में क्या मिलेगा, मॅडम. उससे क्या होगा."

"नींद आएगी," केणेबाई म्हणाल्या.

शेठना झोप नको होती. त्यांना लूम परत हवे होते, आणि ते कुठल्याच कागदावर मिळणारे नव्हते. पैसे त्यांनी शेअरातच घातले, एका भाच्याच्या सांगण्यावरून, एकाच कंपनीत. सहा महिन्यांनी ते कशेळीला एका गोदामाच्या दारात रजिस्टर घेऊन बसलेले दिसले, ट्रकचे नंबर लिहीत. केणेबाईंनी हे ऐकलं तेव्हा 'मी सांगितलं होतं' असं म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी डबा अर्धा ठेवला.

माझं स्वतःचं शहाणपण लॉकडाऊनमध्ये कळलं. आम्ही दोघी तोवर निवृत्त झालो होतो. भिशीच्या धाकानं वर्षानुवर्षं घेतलेले ईटीएफ माझ्याकडं होते. बाजार कोसळला, लूम बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. टीव्हीवर आकडे लाल व्हायला लागले तसं मला वाटलं, आपलं घरच जळतंय. चौथ्या दिवशी मी मुलाला फोन करून सगळे विकून टाकायला लावले. अगदी तळाला. तळ म्हणतात तो कुठं असतो हे कुणाला कळत नाही म्हणतात, मला बरोब्बर सापडला होता.

संध्याकाळी जिन्यातून, अंतर ठेवून, मी केणेबाईंना ते अभिमानाने सांगितलं. त्या खालच्या पायरीवर बेबीची वेणी घालत होत्या.

"तुम्हाला पैसे लागणार होते?"

"नाही हो, पण जात होते ना सगळे."

"जात न्हवते. जागेवर होते. घालवले तुम्ही." मग बेबीच्या वेणीला रिबिन बांधत म्हणाल्या, "मी आज थोडे बाँड विकून ईटीएफ घेतले. हिला लागायला अजून वेळ हाय."

दोन वर्षांत बाजार कुठच्या कुठे गेला. माझ्या मुलानं पुढं कधी त्याबद्दल बोलणं काढलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. ती लाल आकड्यांना घाबरलेली सत्तरीजवळची बाई आठवली की मला अजून मजा वाटते. भूगोलाची शिक्षिका. मुलांना शिकवायची की भरतीनंतर ओहोटी आणि ओहोटीनंतर भरती.

तर केणेबाईंचं सगळं बरोबर यायचं, असं कुणाला वाटेल. बाजाराचं येत होतं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा बेबी तिशीची होती. तेव्हाच त्यांनी दूर, डोंगराकडं एक संस्था पाहून ठेवली होती. अशा मुलामुलींना जन्मभर ठेवून घेणारी. स्वच्छ होती, माणसं प्रेमळ होती, बेबीनं तिथं एका मुलीचा हात धरला तो निघेपर्यंत सोडला नाही. संस्थेला मोठी ठेव द्यावी लागायची. केणेबाईंकडं निवृत्तीचे पैसे होते. ठेव भरून थोडे उरले असते.

पण थोडे उरणं त्यांना पटेना. उद्या संस्थेचा खर्च वाढला तर? औषधं लागली तर? त्यांनी हिशेब मांडला. दहा वर्षं पैसे वाढू द्यायचे, निम्मे ईटीएफ, निम्मे बाँड. तोवर आपले हातपाय चालतायत, बेबी आपल्याजवळ राहील. दहा वर्षांनी ठेवही भरता येईल आणि तेवढेच पुन्हा मागं राहतील. मी तो कागद पाहिला होता. सुरेख हिशेब होता. दहा वर्षांनी तो रुपयालाही फारसा चुकला नाही.

दहा वर्षांनी त्या बेबीला नवा ड्रेस घालून संस्थेत गेल्या. परत आल्या तेव्हा मी दारातच होते. त्यांनी चप्पल काढली, बेबीची काढली, दोन्ही जोड नीट लावले आणि मग पिशवीतून संस्थेचं जुनं माहितीपत्रक काढून माझ्या हातात दिलं. मागच्या पानावर, खाली, एक ओळ होती. प्रवेशाच्या वेळी वय चाळीसपेक्षा कमी असावं. बेबीला एक्केचाळीस चालू होतं.

"हे तेव्हाच लिहिलेलं होतं?" मी विचारलं.

"तेव्हाच. मी वाचलं पण होतं."

"मग?"

"वाचलं, आणि म्हटलं, चाळीस. बेबी कुठली चाळीसची होतेय." त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या, "माझं वय धरलं, व्याज धरलं, महागाई धरली. हिचं वय धरायचं राहिलं."

जिनं आयुष्यभर कागदाच्या मागचं बारीक अक्षर आम्हाला भिंगातून वाचायला लावलं, तिच्या घरात ते माहितीपत्रक दहा वर्षं होतं. बेबी आत स्टुलावर बसून एक ते वीस म्हणत होती. नवा ड्रेस तिनं त्या दिवशी काढू दिला नाही.

दुसऱ्या संस्था पाहिल्या. कुठं वय आडवं आलं, कुठं जागा नव्हती, एका ठिकाणी जागा होती पण तिथल्या मुलींच्या अंगावर केणेबाईंना खुणा दिसल्या. मग राहिलं माहेर.

माहेराचं असं होतं. वडील गेले तेव्हा मानकोलीला त्यांची भाताची खाचरं होती. बहिणीचा वाटा कायद्यानं असतो, पण तो घ्यायचा नसतो, तशी पद्धत. बहिणीनं तहसील कचेरीत जाऊन हक्कसोडीवर सही करायची, भावानं साडीचोळी करायची आणि माहेरचं दार उघडं राहायचं. केणेबाईंनी सही केली. बेबी तेव्हा पाच वर्षांची, कडेवर. सही करताना भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ताई, बेबी आमची हाय. तू तिची काळजी करू नको." पुढं मोठा रस्ता आला, खाचरं गेली आणि तिथं गोदामं उभी राहिली. ज्या बांधावर केणेबाई लहानपणी खेकडे धरायच्या तिथं आता डोंगराएवढे कंटेनर मागं मागं येत गोदामाला लागतात.

"मी तो कागद वाचला न्हवता," त्या मला म्हणाल्या, "भावाचा कागद वाचतात का कुणी? पण माझ्या हिशेबात तो होता. मी धरून चालले होते की बाकी सगळं बुडालं तरी हे हाय."

भाऊ तोवर वारला होता. भाचा निलेश, त्याची ट्रकची कामं. वाईट मुलगा नव्हे. आला, आत्याच्या पाया पडला, बेबीला चॉकलेट दिलं. म्हणाला, "आत्या, ते शेअरबिअर सगळं काढ आणि माझ्या नावावर दे. मी एक गाळा घेतो, त्याच्या भाड्यात बेबी जल्मभर बसून खाईल. अगं जमिनीसारखं काय हाय का?"

केणेबाई म्हणाल्या, "देते की. पण आधी एक दिवस तिला घेऊन जा. सकाळी न्यायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, जेवताना समोर बसायचं. संध्याकाळी आणून सोड."

निलेशनं रविवारी गाडी पाठवली. गाडीत ड्रायव्हर होता, निलेश नव्हता. केणेबाईंनी ड्रायव्हरला चहा दिला, बिस्किटं दिली आणि गाडी रिकामी परत पाठवली. त्यानंतर त्यांनी निलेशचं नाव काढलं नाही, आणि निलेशनंही फोन केला नाही. दोघांनाही परीक्षा संपल्याचं कळलं होतं.

बेबीला सही शिकवायचा त्यांनी वर्षभर प्रयत्न केला. रोज पाटीवर 'सुवर्णा'. बेबी रोज वेगळी काढायची. कधी तिला डोळे असायचे, कधी शेपटी. बँकेतल्या मुलीनं प्रेमानं सांगितलं, "आजी, दोन सह्या सारख्या आल्या पाहिजेत." मग एका वकिलानं ट्रस्टचा मार्ग सांगितला. पैसे ट्रस्टमध्ये ठेवायचे आणि बेबीसाठी खर्च करायला दोन माणसं नेमायची. एक नाव वकिलानं स्वतःचं दिलं. दुसरी जागा मोकळी होती.

एका दुपारी केणेबाई तो कागद घेऊन वर माझ्याकडं आल्या. पाणी प्यायल्या. माझ्या कुंडीतल्या तुळशीला चांगली म्हणाल्या, जी चांगली नव्हती.

"लेलेबाई, तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान. नाव घालू का तुमचं? पैशाला हात लावायचा नाही, फक्त महिन्यातून एकदा बघून यायचं. ती बरी आहे ना एवढं."

आणि मी म्हणाले, "बघू हं. मुलाला विचारते."

मी मुलाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही. मला गुडघे होते, साखर होती, नातीची बारावी होती. महिन्यातून एकदा. आजवर मी माझ्या जुन्या मूर्खपणांवर मनसोक्त हसत आले आहे, लोकांनाही हसवते. या बाईवर मला हसता येत नाही, आणि ती काही फार जुनीही नाही.

केणेबाईंनी आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी पोह्यांची बशी घेऊन आल्या, इकडचंतिकडचं बोलल्या, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

त्यानंतर महिन्याभरानं सकाळी नऊच्या सुमारास माझी बेल वाजली. दारात बेबी. घामाघूम, हसरी.

"आई उठत नाही," ती म्हणाली.

मी एका पायात चप्पल घालून खाली धावले. केणेबाई पलंगावर उताण्या पडलेल्या, हात छातीवर. मी त्यांना हाक मारली, हलवलं, रडायला सुरुवात केली. त्यांनी एक डोळा उघडून घड्याळाकडं पाहिलं.

"चार मिनिटं. जिन्यात मांजर भेटलं असणार."

"अहो केणेबाई, लाज वाटते का? मला अटॅक आला असता."

"येऊ देऊ नका. तुम्ही आधी गेलात तर मला मजल्यावर दुसरं दार शोधावं लागेल." त्या उठून बसल्या आणि बेबीला लाडू दिला. "रागावू नका. हिला दुसरं काही शिकवता येत न्हाय. एवढं तर येऊ दे. मी पडले तर दोन दिवस कुणाला कळणार न्हाय, आणि ही उपाशी बसेल."

मग ते रोजचंच झालं. आंघोळ झाली की केणेबाई पलंगावर आडव्या व्हायच्या, मोठ्यानं म्हणायच्या, "बेबी, मी मेले हं," आणि डोळे मिटायच्या. बेबीनं वीसपर्यंत आकडे म्हणायचे, दाराचं लॅच उघडायचं, जिना चढायचा, माझी बेल दाबायची आणि ते तीन शब्द म्हणायचे. मी खाली जायचे. केणेबाई वेळ सांगायच्या. बेबीला लाडू, मला चहा. बेबीला हा खेळ इतका आवडला की ती दुपारीही आईचा हात ओढायची, "मर ना, मर ना," म्हणून. केणेबाई म्हणायच्या, "थांब गं, भाजी फोडणीला टाकते, मग मरते." आम्ही दोघी पोट धरून हसायचो. गणपतीपर्यंत वेळ एका मिनिटावर आली होती. आयुष्यात पोरगी एका विषयात पैकीच्या पैकी आली होती. आणि मी सही दिली नव्हती खरी, पण दार तर उघडत होते, अशी माझी मी समजूत घालत होते.

त्या वर्षीचा शिळा अंदाजही त्यांनी वाचला, माझ्या स्वयंपाकघरात, आम्हा दोघींपुरता. बेबी टाळ्या वाजवत होती.

बेबीचं पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे शेवटी केणेबाईंपाशीच थांबता येईल. निलेश तिला घेऊन गेला. दुसरं कुणीच नव्हतं, आणि तो आला, हे म्हटलंच पाहिजे. मानकोलीला बंगल्यामागच्या खोलीत ती असते. सांभाळायला बाई ठेवतात, बाई दर दोन-तीन महिन्यांनी बदलते. ट्रस्ट झालाच नाही, दुसरी जागा मोकळीच राहिली. पैसे बेबीच्या नावचे, पण तिच्या सहीला किंमत नाही, म्हणून पालक कुणाला नेमायचं याचे कागद कोर्टात आहेत. तोवर ईटीएफ वाढतायत, बाँडचं व्याज वेळेवर जमा होतंय. पत्त्याच्या जागी केणेबाईंनी कधीतरी शेजारी म्हणून माझं नाव दिलं होतं, त्यामुळं त्याची पत्रं माझ्याकडं येतात. परवा नातीनं एक पत्र उघडून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, काय जबरदस्त पोर्टफोलिओ आहे गं. कुणाचा?" मी एकदा बेबीला बघून आले. केस अगदी बारीक कापलेत, विंचरायला नकोत म्हणून. मला पाहून ती वीसपर्यंत आकडे म्हणाली आणि लाडूसाठी हात पुढं केला. मी नेला नव्हता.

आता त्या सकाळचं. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, बेल वाजली नाही. मला वाटलं, आज उशिरा उठल्या. मी निवांत चहा प्यायले. साडेदहाला खाली गेले तर दुधाची पिशवी कडीला तशीच लटकत होती. त्यांची एक किल्ली माझ्याकडं असायची, तिनं दार उघडलं.

केणेबाई पलंगावर कुशीवर झोपलेल्या होत्या, एक हात उशीखाली, पांघरूण खांद्यापर्यंत. रात्रीच गेल्या होत्या, डॉक्टर नंतर म्हणाले. शेजारी स्टुलावर बेबी बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, पायांत चपला घालून तयार, आणि नजर आईच्या तोंडावर. किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"बेबी, वर का नाही आलीस गं?" मी म्हणाले.

"थांब," ती हळूच म्हणाली. "आई अजून मेले म्हणाली नाही."